लाकडी बुडाचं मॅगझिन

आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घालायचा आणि शनिवार-रविवारी त्यांच्या तोंडचं पाणी पळवायचं, असे डॉ. मर्ल ऑकरमनचे दोन उद्योग होते. पहिला दंतवैद्याचा. दुसरा जुन्या जर्मन लष्करी पिस्तुलांची पारख करण्याचा. पहिल्यात तो बधिर करायचं इंजेक्शन देत असे. दुसऱ्यात ती सोय नव्हती.

ओहायोच्या त्या मक्याच्या पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या निम्म्या पोरांनी सामानात एखादं जर्मन पिस्तूल दडवून आणलं होतं. ती पोरं म्हातारी होऊन मरायला लागली, तशी त्यांची मुलं, सुना, विधवा बायका पिस्तूल टॉवेलात गुंडाळून ग्रीनहोल्ट गावी डॉक ऑकरमनकडे आणू लागल्या. प्रत्येक टॉवेलाबरोबर एक गोष्ट यायची. बाबांनी हे एका जनरलच्या कमरेचं काढलं. आमच्या ह्यांनी हे बर्फात मरून पडलेल्या अधिकाऱ्याच्या हातातून सोडवलं. मर्ल गोष्ट सुरू झाली की हात वर करायचा. "गोष्ट ओसरीवर ठेवा," म्हणायचा, "आणि पिस्तूल तेवढं आत द्या."

मग दिवा जवळ ओढायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि कोटाच्या वरच्या खिशातून दात तपासायची बारीक पोलादी आकडी काढायची. ठोकलेल्या आकड्यांच्या खोबणीत त्या आकडीचं टोक फिरवायचं. कीड लागलेला दात जसा टोकाला कळतो, तसा खोटा ठसा त्याच्या बोटांना कळायचा. जुन्या ठशाच्या तळाशी वर्षानुवर्षांचं तेल आणि मळ दगडासारखा घट्ट बसलेला असतो. नवा ठसा तळाशी मऊ लागतो, कितीही रंग चोळला तरी. नकली माल कसा ओळखावा यावर मर्लने पिस्तूल-शौकिनांच्या क्लबच्या पत्रिकेत पानंच्या पानं लिहिली होती, पण आकडीच्या टोकाला तळ कसा लागतो ही गोष्ट मात्र हातची राखून ठेवली होती. टॉड वायगन्ट नावाचा एक शांत माणूस त्याच्याकडे पारख शिकायला यायचा, तेवढ्या एकालाच त्याने ती दाखवली, आणि दवाखाना बंद केला त्या दिवशी खूश होऊन आपली एक आकडी त्याला भेटही दिली. मर्लने कुणाला काही भेट दिल्याचं हे एकमेव उदाहरण म्हणायला हरकत नाही.

निकाल खोटा लागला, की मर्ल तो सौम्यपणे सांगत नसे. विधवा समोर रडते आहे हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. त्याला वाटे, रडणं हा तिचा प्रश्न आणि ठसा हा माझा. खरं बोलायला लाज कशाची, असं तो म्हणे, आणि खरं बोलताना समोरच्याला जे होतं ते पाहायला त्याला आवडतं हे मात्र कधी म्हणत नसे. त्याची बायको आर्डिस ते ओळखून होती. टॉवेलवालं कुणी आलं की ती कॉफी ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची आणि नळ सोडायची.

त्याचं स्वतःचं लाडकं पिस्तूल म्हणजे १९१६ सालचं लूगर, नंबर ४४१७. लूगरची एक रीत असते. कारखान्यात सांगाड्यावर पूर्ण नंबर ठोकायचे आणि मग नळी, चाप, बाजूची पट्टी, अगदी नखाएवढ्या तुकड्यावरसुद्धा त्याच नंबरचे शेवटचे दोन आकडे. एका पिस्तुलाचा तुकडा दुसऱ्यात गेला तर लगेच कळावं म्हणून. मर्लच्या पिस्तुलात एकूण एक तुकड्यावर सतरा होता. नव्हतं ते फक्त मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून मुठीत खालून सरकवायची ती पत्र्याची डबी. त्या काळच्या मॅगझिनला लाकडी बूड असे आणि त्या लाकडावरही पिस्तुलाचा नंबर ठोकलेला असे. लढाईत सगळ्यात आधी हरवायचं ते हेच. आपलं मॅगझिन जवळ असलेलं लूगर हजारात एखादं, आणि हरवलेलं मॅगझिन पुन्हा आपल्या पिस्तुलाला भेटणं म्हणजे तर शौकिनांच्या लेखी मेलेला माणूस जेवायला घरी येणं.

मर्लचं मॅगझिन सापडलं होतं. गावातच होतं. ते ऑरिन स्टेलीकडे होतं, आणि ऑरिन ते देत नव्हता.

ऑरिनचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. एके काळी तो आणि मर्ल एका गाडीतून पिस्तुलांच्या जत्रांना जात. वाटेत मर्ल बोले आणि ऑरिन गाडी चालवे, म्हणून दोस्ती बरी चालली होती. क्लबच्या वार्षिक जेवणाची एक प्रथा होती. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये डुकराचं भाजलेलं मांस आणि चीजमधले बटाटे खाऊन झाले, की हिरवं कापड घातलेल्या टेबलावर कुणीतरी एक वस्तू ठेवायची आणि डॉकने उभं राहून सगळ्यांसमोर निकाल द्यायचा. एका वर्षी ऑरिनने मोठ्या हौसेने आपल्या बापाचं पिस्तूल ठेवलं. म्हातारा एमेट स्टेली स्वतः आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या खुर्चीवर बसला होता. पिस्तुलाच्या मुठीच्या निळसर लोखंडावर कवटीचा ठसा होता, हिटलरच्या काळ्या गणवेशवाल्या दलाची खूण. पंचेचाळीस साली एका पुलापाशी काळ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याने हात वर केले आणि हे आपल्या हाताने एमेटला दिलं, ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराने त्याच्या तोंडून ऐकली होती.

मर्लने आकडी फिरवली. मग भिंग काढून खिशात ठेवलं आणि हसला.

"कारखान्याची निळाई आधी चढली आहे आणि कवटी नंतर ठोकली आहे," तो म्हणाला. "कडेला निळाई तडकली आहे, तळाला उघडं लोखंड आहे. एमेट, तुमच्या त्या काळ्या गणवेशवाल्याचं इथे टोलीडोला दागिन्यांवर ठसे मारायचं दुकान होतं का हो?"

हॉल हसला. हसणाऱ्यांत वाईट माणसं फार नव्हती, पण डॉकच्या विनोदाला हसायची सवय लागलेली होती.

"मला ते त्याने दिलं," एमेट म्हणाला. "माझ्या हातात दिलं."

"दिलं असेल. पावती घ्यायला विसरलात एवढंच."

एमेटने टोपी उचलली, ती घालताना पहिल्यांदा उलटी घातली, मग सरळ केली आणि बाहेर गेला. त्यानंतर त्याने ती पुलाची गोष्ट कुणालाच सांगितली नाही. नातवंडांनी विचारलं तर म्हणायचा, आठवत नाही. त्याच थंडीत तो गेला. मर्लने फुलं पाठवली, आणि फुलं चांगली होती.

पुढच्या वसंतातल्या प्रदर्शनात ऑरिनच्या टेबलावर एक छोटी काचेची पेटी दिसली. आत मखमलीवर लाकडी बुडाचं एक मॅगझिन. बुडावर ४४१७, त्याखाली मर्लच्या पिस्तुलावर नंबराखाली होतं तेच बारकं अक्षर. शेजारी कार्ड: विकायचं नाही, हात लावू नये. इंडियानातल्या कुणा मेलेल्या माणसाच्या भंगाराच्या खोक्यात मिळालं, एवढंच ऑरिनने सांगितलं. मर्लला तो नंबर दिसला. त्याने बदल्यात आधी एक पिस्तूल देऊ केलं, मग दोन, मग म्हणाला तू सांगशील ते. ऑरिन सँडविच खात राहिला.

"हातात तरी देशील?"

"कार्ड वाच ना, डॉक. तुला वाचता येतं."

दर वर्षी पेटी यायची. दर वर्षी मर्ल काचेवर नाक टेकवून उभा राहायचा, हलवायाच्या दुकानासमोर उभं राहिलेल्या पोरासारखा. लोकांना ती गंमत झाली होती. मर्लच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण पाय त्याच टेबलाकडे वळायचे. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या वस्तूबद्दल तो हात न लावता एक शब्द बोलला नसता. ह्या एकाबद्दल त्याला कधी शंकाच आली नाही. बारा वर्षांत एकदाही नाही.

मग त्याचे डोळे गेले. सगळे नाही. पडद्याचा मधला भाग झिजला, आणि जे बघायचं ते सोडून आजूबाजूचं तेवढं दिसू लागलं. माणसाकडे बघितलं तर कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डॉक्टरने सांगितलं, हे वाढत जाणार. आर्डिसने चर्चमध्ये ते कुणाला तरी सांगितलं असावं, कारण आठवड्याच्या आत ऑरिनचा निरोप आला, दुकानावर ये.

मर्ल गेला. आर्डिसने गाडी चालवली आणि ती गाडीतच बसून राहिली. दुकानात ग्रीसचा वास होता. ऑरिन काउंटरमागे बसला होता.

"डोळे चाललेत म्हणे."

"चालले नाहीत. कमी झालेत."

"आकडे दिसतात का अजून?"

"तू मला हे विचारायला बोलावलंस?"

"चिडतोस काय? बस." ऑरिनने खुर्ची पायाने पुढे सरकवली. "मॅगझिन देतो तुला. फुकट."

मर्ल बसला.

"नोव्हेंबरच्या जेवणाला बाबांचं पिस्तूल टेबलावर ठेवतो," ऑरिन म्हणाला. "तू उभं राहायचं. सगळ्यांसमोर म्हणायचं की त्या वेळी मी चुकलो, कवटी अस्सल आहे, एमेट स्टेली खरं बोलत होता. नुसतं असं पुटपुटून नाही चालायचं. कारण द्यायचं. तेव्हा दिलं होतंस ना, कडा आणि तळ आणि काय काय, तसं. तुझ्या त्या मास्तरी थाटात."

"ते खोटं आहे, ऑरिन."

"मग नको बोलूस. माझं काय जातंय? तुझे डोळे पूर्ण गेले की एक दिवस घरी येईन आणि हातात देईन. चाचपत बस."

"तू नीच आहेस."

"शिकलोय थोडं. गाडी चालवत होतो ना मी, सगळं ऐकू यायचं."

मर्ल उठून बाहेर आला. मी नाही विकला जाणार, असं तो गाडीत आर्डिसला म्हणाला. आर्डिसने गाडी मागे घेतली आणि विचारलं, "कोण विकत घेतंय तुला?" पण ऑक्टोबरात तो पिस्तूल मांडीवर घेऊन बसू लागला. मुठीच्या रिकाम्या पोकळीत बोट घालायचा आणि आतली पोकळी चाचपायचा. ती पोकळी त्याला स्वतःच्याच तोंडातल्या पडलेल्या दाताच्या खड्ड्यासारखी झाली होती, जीभ सारखी तिथेच जावी तशी. खरं बोलणारा माणूस म्हणून त्याने इतकी वर्षं जे मिरवलं, ते त्या पोकळीपुढे टिकलं नाही. त्याने ऑरिनला फोन केला आणि हो म्हणाला.

जेवणाला हॉल भरला होता. बातमी फुटली नव्हती, पण एमेटचं पिस्तूल पुन्हा हिरव्या कापडावर दिसल्यावर लोकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. ऑरिन पुढेच बसला होता, बाप बसला होता तिथे. त्याच्या हाताशी ती काचेची पेटी होती. वायगन्ट दाराजवळ कॉफीचा कप घेऊन उभा होता.

मर्ल उभा राहिला. त्याने पिस्तूल उचललं, भिंग लावलं. भिंगातून त्याला डाग दिसला. तरी त्याने आकडी फिरवली, कारण लोकांना आकडी बघायची सवय होती.

"बारा वर्षांपूर्वी मी इथे एक निकाल दिला," तो म्हणाला. "मी म्हणालो, कवटी निळाईच्या नंतर ठोकली आहे. ते बरोबर होतं. त्यावरून मी म्हणालो, म्हणून ती खोटी आहे. ते चूक होतं. पिस्तूल कारखान्यातून निळं होऊनच बाहेर पडायचं. तुकडीची खूण ठोकायचे ते तुकडीतले हत्यारांचे कारागीर, छावणीत, नंतर. तळाला उघडं लोखंड असणारच. कडा तडकणारच. तुकड्यांच्या शेकडो खुणा मी अशा पाहिल्या आहेत आणि अस्सल म्हणून पास केल्या आहेत. एमेट स्टेलीच्या बाबतीत मी तेवढा विचार केला नाही. ठसा अस्सल आहे. तो माणूस खरं बोलत होता."

बोलता बोलता मर्लच्या लक्षात आलं की हे कारण चांगलं आहे. फारच चांगलं आहे. घरी आठवडाभर बसून त्याने ते रचलं होतं, आणि आता उभ्याने ऐकताना त्यात त्याला कुठे भोक सापडेना. असं असूही शकतं. त्या वेळी हे आपल्या डोक्यात का आलं नाही? हशा पिकवायची घाई होती म्हणून? विचार आला तसा त्याने झटकून टाकला. त्याला पेटी हवी होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. मर्ल खाली बसला आणि ऑरिनकडे हात केला. ऑरिन पेटी देईना. नजरेच्या कडेने मर्लला दिसलं की त्याने पेटी टेबलावरून उचलली आहे आणि हळूच कोटाच्या खिशात सारतो आहे.

"डॉक," ऑरिन अगदी हळू म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "ते छावणीतल्या कारागिरांचं... ते खरं आहे का रे? खरंच तसं असतं?"

मर्लला फक्त खिशात जाणारा हात दिसत होता. फसवलं, त्याला वाटलं. नाक घासायला लावलं, आणि आता पेटी खिशात. तो ऑरिनच्या कानाशी वाकला.

"एक अक्षर खरं नाही," तो म्हणाला. "सगळं त्या डबीसाठी रचलं. तुझा बाप खोटारडा होता, आणि बावळटही होता, कवटी ठोकून घेतली तीसुद्धा भिकार कारागिराकडून. आता काढ ती बाहेर."

ऑरिनने मान मागे घेतली. मग त्याचा हात खिशातून पेटीसह बाहेर आला. तो उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मंडळी, डॉकने आज माझ्या बापाला न्याय दिला. मीही इतकी वर्षं एक वस्तू अडवून ठेवली होती. डॉक, घे. सगळ्यांना सांग हे काय आहे ते."

मर्लने पेटी उघडली. आपलं लूगर त्याने बरोबर आणलं होतं, ते त्याने काढलं आणि मॅगझिन मुठीत सरकवलं. खट्ट आवाज झाला. त्या आवाजाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ज्याने उभ्या जन्मात कुणाची गोष्ट घरात घेतली नव्हती तो माणूस सगळ्या हॉलसमोर म्हणाला, "हे माझ्या पिस्तुलाचं मॅगझिन आहे. अस्सल. मी शब्द देतो."

टाळ्या थांबेनात.

सकाळी आर्डिस अंडी फेटत होती आणि मर्ल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उजेडात बसला होता. मॅगझिन तो लहान बाळासारखं या हातातून त्या हातात घेत होता. मग सवयीने, काही शोधायचं म्हणून नव्हे, नुसतं सुख म्हणून, त्याने आकडी काढली आणि पहिल्या चाराच्या खोबणीत टेकवली.

टोक आत रुतलं.

त्याने ते काढलं आणि दुसऱ्या चारात घातलं. मग एकात. मग सातात. लाकूड तळाशी मऊ होतं, ताज्या पावासारखं. वरून चोळलेला रंग आकडीच्या टोकाला लागून आला. त्याने तो नाकाशी नेला. बुटाचं पॉलिश.

आर्डिसने फेटणं थांबवलं. "काय झालं?" तिने विचारलं. तो उठला, भिंत धरत फोनपाशी गेला.

"कधी ठोकलास?" त्याने विचारलं.

"बाबांना पुरून आलो त्या आठवड्यात," ऑरिन म्हणाला. मागे दुकानात कुणीतरी नटबोल्ट ओतत होतं. "तुझे पत्रिकेतले लेख समोर ठेवले होते. नकली करणारे कुठे चुकतात ते तू छान लिहितोस. तेवढ्या चुका टाळल्या. जुनं मॅगझिन घेतलं, नंबर घासलेलं. बाकी तू केलंस, डॉक. तुला इतकं हवं होतं की मला काही करावंच लागलं नाही."

"काल खिशात का टाकत होतास?"

ऑरिनने मागच्याला नटबोल्ट ओतणं थांबवायला सांगितलं.

"तू बोललास ते मला खरं वाटलं," ऑरिन म्हणाला. "वाटलं, झालं ते झालं. हे घरी नेतो आणि शेगडीत घालतो. तुला सांगणार होतो की देत नाही जा, शिव्या घाल. पुढे आणखी काय सांगू? तू माझ्या कानात जे म्हणालास ते म्हणालास."

मर्लने फोन ठेवला. आर्डिसने त्याच्यासमोर अंडी ठेवली. त्याने तिला सगळं सांगितलं, तुटक तुटक, मान खाली घालून. ती ऐकत उभी राहिली. तिला वाटलं होतं की असं काही झालं तर आपल्याला बरं वाटेल, इतक्या बायका ह्या टेबलाशी रडून गेल्या होत्या. थोडं वाटलंही.

"मग सांगून टाक लोकांना," ती म्हणाली.

"काय सांगू? की मला फसवलं? मग तो सांगेल मी काय दिलं ते मिळवायला. मग कोण विचारेल, ऑकरमनने आणखी कशाकशासाठी काय काय अस्सल केलं? तीस वर्षांचे निकाल आहेत माझे. लोकांच्या घरात माझ्या सहीचे कागद चौकटीत लावलेत."

"मग नको सांगूस."

"आणि ते ठेवू? घरात?"

"खा," आर्डिस म्हणाली. "गार होतंय."

वसंतातल्या प्रदर्शनात लूगर आणि मॅगझिन मांडणं त्याला चुकलं नाही. क्लबनेच पहिलं टेबल राखून ठेवलं होतं, वर पाटी लावली होती. लोक रांगेने येत, कुजबुजत, मर्लचा हात हातात घेत. मर्ल बसून होता. कुणी विचारलं तर म्हणे, हो, अस्सल. समोरच्या टेबलाशी ऑरिन सँडविच खात होता. त्याच्या टेबलावर या वर्षी फक्त बापाचं पिस्तूल होतं, आणि कार्डावर लिहिलं होतं: डॉ. ऑकरमन यांनी प्रमाणित केलेलं.

दुपारी मांडलेल्या वस्तूंना गुण देणारा परीक्षक आला. त्या वर्षी परीक्षक टॉड वायगन्ट होता.

"बघू ना, डॉक?" त्याने विचारलं.

"बघ की. विचारतोस काय?"

वायगन्टने पेटी उघडली. त्याने मॅगझिन बाहेर काढलं, खिडकीकडे धरलं. मर्लला त्याचा कान दिसत होता आणि खांदा. मग खांदा हलला, हात वरच्या खिशाकडे गेला आणि पोलादाची एक बारीक चमक दिसली. मर्लने ती आकडी ओळखली. तिच्या दांड्यावर अंगठ्याने झिजलेली जागा होती, आणि ती झिजवणारा अंगठा त्याचाच होता.

आकडी पहिल्या चारात गेली. वायगन्ट थांबला. दुसऱ्यात गेली. मर्लने टेबलाची कड धरली. मागे रांगेत माणसं उभी होती, लहान मुलं होती, कुणीतरी मक्याच्या लाह्या खात होतं. बोल, त्याला वाटलं. मी असतो तर बोललो असतो, ह्यांच्या सगळ्यांसमोर, आणि वर एक विनोद केला असता. मग वाटलं, नको, देवा, नको बोलू देऊ ह्याला.

वायगन्टने मॅगझिन मखमलीवर ठेवलं. पेटीचं झाकण लावलं. मर्लने मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि जिथे चेहरा असायला हवा तिथे धुरकट डाग होता. कीव होती की किळस, त्याला काही म्हणता काही कळेना. मान वाकडी करून त्याने कडेने बघायचा प्रयत्न केला. एक जबडा दिसला. जबड्यावरून काय कळणार, आयुष्यभर जबडे बघितलेल्या माणसालासुद्धा?

"पूर्ण गुण," वायगन्ट मागच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "डॉकचा शब्द आहे. आम्ही आणखी काय बघणार?"

मग तो वाकला, आणि मर्लच्या हाताशी टेबलावर काहीतरी ठेवलं. बारीक आवाज झाला.

"ही तुमची आहे," तो हळू म्हणाला. "मला नको."

तो पुढच्या टेबलाकडे गेला. मर्लने हात पुढे केला, चाचपला, आणि आकडी बोटांना लागली. ती अजून वायगन्टच्या हाताने कोमट होती. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. सगळ्यांच्या आधी समोरच्या टेबलावरून वाजल्या, जाड, ग्रीस लागलेल्या हातांच्या.

"डॉक," ऑरिनने हाक मारली. "दोन शब्द बोला की. कसं ओळखलंत ते सांगा सगळ्यांना."

लोक थांबले. मर्ल ऑकरमन टेबलाला धरून उठला, आणि सांगू लागला.